क्लोमिफिनच्या गोळ्या आणि डोळ्यांसमोर रेंगाळणाऱ्या प्रतिमा

तासगाव तालुक्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय २८ असून पीसीओडीमुळे, म्हणजे अंडाशयात बीज नियमित तयार न होण्याच्या विकारामुळे, पाळी अनियमित आहे. मूल व्हावे म्हणून क्लोमिफिनच्या गोळ्या सुरू केल्या, त्याचा हा तिसरा महिना. पहिल्या दोन महिन्यांत रोज ५० मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस घेतली, या वेळी मात्रा १०० केली. चौथ्या दिवसापासून ट्यूबलाइट थरथरल्यासारखी दिसू लागली, हात हलवला की त्याच्यामागे हाताच्याच पुसट आकृत्यांची रांग दिसू लागली, आणि उन्हातून घरात आल्यावर खिडकीच्या गजांचा ठसा बराच वेळ डोळ्यांसमोर राहू लागला. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तिथे ‘डोळे चांगले आहेत’ असे सांगितले. सासूबाईंना हा अशक्तपणा वाटतो, यजमानांना टेन्शन वाटते. पुढच्या पाळीपासून १५० मिलिग्रॅम घ्यायची चिठ्ठी हातात आहे. ती घ्यावी का, डोळे कायमचे बिघडतील का आणि बाळाला काही अपाय होईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते. ती १५० मिलिग्रॅमची चिठ्ठी वापरू नका. ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली, त्यांना पुढच्या पाळीची वाट न पाहता आजच फोन करून डोळ्यांचा त्रास सांगा, कारण तुमच्या लिहिण्यावरून तो त्यांच्या कानावर गेलेलाच दिसत नाही आणि त्यांनी मात्रा वाढवली ती केवळ सोनोग्राफीत बीज पुरेसे वाढले नाही म्हणून. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे या औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेली आहेत, आणि ती दिसल्यास औषध बंद करून डोळ्यांची संपूर्ण तपासणी लवकर करून घ्यावी, असेही तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. हा अशक्तपणा नाही आणि मनाचा खेळही नाही. बहुतेक स्त्रियांमध्ये गोळ्या थांबवल्यावर हा त्रास काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत जातो. शिवाय क्लोमिफिन बंद केले म्हणजे मूल होण्याचा मार्ग बंद झाला असे मुळीच नाही. त्याविषयी पुढे लिहिते.

असे का होते, हे समजण्यासाठी औषधाची थोडी ओळख हवी. क्लोमिफिन हे जुने औषध आहे. अमेरिकेत त्याला १९६७ साली परवानगी मिळाली आणि आपल्याकडे ते सायफेन, फर्टोमिड अशा नावांनी मिळते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात इस्ट्रोजेन जिथे जाऊन चिकटते, ती जागा हे औषध अडवते. शरीरात इस्ट्रोजेन कमी पडले आहे असा मेंदूचा समज होतो, तो पिट्युटरी ग्रंथीकडून जास्त संप्रेरके सोडवतो आणि त्यामुळे अंडाशयात बीज वाढू लागते. मात्र इस्ट्रोजेनच्या अशा जागा फक्त हायपोथॅलॅमसमध्ये नसतात. त्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातही आहेत आणि मेंदूच्या इतर भागांतही आहेत. दुसरी गोष्ट अशी की, गोळीत एकाच द्रव्याची दोन रूपे मिसळलेली असतात. त्यांपैकी एक रूप शरीरातून तुलनेने लवकर निघून जाते, पण झुक्लोमिफिन नावाचे दुसरे रूप कित्येक आठवडे टिकते. गोळी खाल्ल्यानंतर सहा आठवड्यांनीही तिचा अंश विष्ठेत सापडलेला आहे. म्हणजे तुम्ही दर महिन्याला पाचच दिवस गोळ्या घेतल्या, तरी तिसऱ्या महिन्याची पहिली गोळी घेताना आधीच्या दोन महिन्यांचा काही साठा अंगात शिल्लकच होता आणि त्यावर मात्रा दुप्पट झाली. पहिल्या दोन महिन्यांत काहीच झाले नाही, मग आताच कसे झाले, या शंकेचे उत्तर त्यात आहे. एकूण मात्रा आणि कालावधी वाढेल तसे डोळ्यांच्या तक्रारींचे प्रमाणही वाढते, हे सुरुवातीपासून नोंदलेले आहे.

औषधाच्या मूळ चाचण्यांमध्ये दृष्टीच्या तक्रारी सुमारे १.५ टक्के स्त्रियांनी सांगितल्या होत्या. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे ही तक्रार त्याच चाचण्यांत सुमारे १० टक्के स्त्रियांना होती. त्यामुळे डॉक्टर वाफांविषयी आवर्जून सांगतात आणि डोळ्यांविषयी सांगायचे बऱ्याचदा राहून जाते. माझ्या मते क्रम उलटा हवा. गरम वाफा त्रासदायक असल्या तरी त्या निरुपद्रवी आहेत, डोळ्यांचा त्रास मात्र क्वचित असला तरी त्यावर लगेच निर्णय घ्यावा लागतो. या तक्रारींमध्ये धूसर दिसणे सर्वाधिक आढळते. त्याखेरीज काजवे चमकल्यासारखे ठिपके दिसणे, प्रकाश सहन न होणे, नजरेच्या कडेला पाण्यावरच्या उन्हासारखी थरथर जाणवणे आणि पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा नजर हटवल्यावरही टिकून राहणे, हे प्रकार आढळतात. शेवटच्या प्रकाराला वैद्यकात पॅलिनॉप्सिया म्हणतात, आणि तुमच्या हातामागची रांग व गजांचा ठसा हे त्याचेच वर्णन आहे. १९९५ साली अमेरिकेतील एका नेत्ररोगविषयक नियतकालिकात अशा तीन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली होती. त्यांची लक्षणे औषध थांबवल्यानंतरही वर्षानुवर्षे राहिली. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. इतका दीर्घ त्रास फार थोड्या जणींना होतो. पण नेमका कोणाला होईल हे आधी ओळखण्याची चाचणी नाही, म्हणून पहिल्या लक्षणालाच थांबणे आणि ते औषध पुन्हा न घेणे हाच उपाय हाती राहतो.

आता ‘डोळे चांगले आहेत’ या वाक्याविषयी, कारण माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांचे सर्वाधिक नुकसान याच वाक्याने होते. विट्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका स्त्रीने मला सांगितले होते की, मागावरचा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तरी मधे त्याची रेघ तशीच राहते, आणि सुताचा तुटका धागा शोधायला वाकले की ती रेघच धाग्यावर येते. तिला चार जणांनी रक्त वाढवायच्या गोळ्या सुचवल्या होत्या. तिचा चष्म्याचा नंबर, डोळ्यांचा दाब, पडदा, सर्व काही ठीक होते. तरीही तिची तक्रार अक्षरशः खरी होती. नंबर तपासताना आपण समोरच्या तक्त्यावरची न हलणारी अक्षरे वाचतो. हलणाऱ्या वस्तूमागे प्रतिमा रेंगाळते का, हे त्या तपासणीत कळण्याचा संबंधच येत नाही. दृष्टिपटलावर उमटलेले चित्र मेंदू एका क्षणानंतर पुसतो आणि नवे स्वीकारतो. या पुसण्याच्या कामात अडथळा आला, तर डोळ्याचा कोणताही भाग खराब झालेला दिसणार नाही. म्हणून तपासणीत काही न सापडणे ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे, कारण डोळ्याला दिसून येण्यासारखी इजा झालेली नाही असा त्याचा अर्थ होतो. पण तक्रार खोटी आहे किंवा गोळ्या चालू ठेवायला हरकत नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

तरीही नेत्रतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी हवीच, आणि ती चष्म्याच्या दुकानात होत नाही. सांगली-मिरजेत नेत्रतज्ज्ञांची कमतरता नाही, तेव्हा या आठवड्यातच जाऊन या. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल आणि डोळ्याच्या मुख्य नसेचे टोक पाहिले जाते. थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन लागते, त्यामुळे यजमानांना सोबत घ्या आणि परतताना गाडी स्वतः चालवू नका. दुसरी तपासणी दृष्टिक्षेत्राची, जिला फील्ड टेस्ट म्हणतात. एका अर्धगोल यंत्रात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे एकटक पाहायचे आणि आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातले बटण दाबायचे. ही तपासणी कंटाळवाणी आहे आणि थकल्यावर चुका होतात, म्हणून नीट झोप झालेल्या दिवशी सकाळी करावी. नेत्रतज्ज्ञांना गोळीचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख कागदावर लिहून द्या. मूल होण्यासाठी औषधे चालू आहेत हे सांगायला अनेक स्त्रिया संकोचतात, विशेषतः सोबत नात्यातले कोणी असेल तर. पण ही एक गोष्ट लपली की सगळी तपासणी भलत्याच दिशेने जाते.

ही तपासणी मी आग्रहाने सांगते, कारण प्रत्येक वेळी दोष गोळीचाच असतो असे नाही. मूल न राहणे आणि दृष्टीचा त्रास या दोन्हींचे मूळ क्वचित एकच असते. पिट्युटरी ग्रंथीवर गाठ असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते, पाळी लांबते, बाळंत नसतानाही स्तनातून दूध येते, आणि गाठ मोठी असेल तर डोळ्यांच्या नसांवर दाब येऊन दोन्ही बाजूंचे कडेचे दिसणे कमी होते. अशा स्त्रीला समोरचे स्वच्छ दिसते, पण दाराच्या चौकटीला खांदा लागतो. या गाठीवर बहुधा कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनीच चांगला गुण येतो, मात्र अशी गाठ असताना क्लोमिफिन द्यायचे नसते. तुमच्या फाइलमध्ये प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट आहेत का, ते पाहा. नसतील तर मागून घ्या. दुसरे कारण पीसीओडी आणि वाढलेले वजन असणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये आढळते. डोक्यातील द्रवाचा दाब वाढतो, सतत डोके दुखते, वाकून उठताना काही सेकंद डोळ्यांसमोर करडा अंधार येतो आणि कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज येतो. यात डोळ्याच्या नसेला सूज येते. ती थेंब घालून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही आणि तिकडे दुर्लक्ष झाले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तिसरे कारण अर्धशिशीचे. त्यात नागमोडी चमकती रेघ एका बिंदूपासून सुरू होऊन हळूहळू पसरते, साधारण तासाभराच्या आत पूर्ण विरते आणि पुष्कळदा त्यानंतर डोके दुखते. तुमचा त्रास दिवसभर राहतो आणि उजेड बदलला की वाढतो, त्यामुळे तो अर्धशिशीचा वाटत नाही. घरी एवढेच करून पाहा: एकेक डोळा झाकून पाहा आणि त्रास एकाच डोळ्याला आहे की दोन्हींना, हे लिहून ठेवा. क्लोमिफिनचा त्रास सहसा दोन्ही डोळ्यांना असतो. एकाच डोळ्याला असेल तर त्या डोळ्यातच काही बिघडले नाही ना, हे आधी पाहावे लागते.

काही लक्षणांसाठी मात्र आठवडाभरही थांबायचे नसते. एका डोळ्याची दृष्टी अचानक कमी झाली, पडदा ओढल्यासारखा एक भाग दिसेनासा झाला, डोळा फिरवताना आत दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले, किंवा तीव्र डोकेदुखी आणि उलट्यांसोबत दिसणे कमी झाले, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हातापायांतली ताकद जाणे यांनाही हेच लागू आहे. बीज वाढवण्याची इंजेक्शने घेणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण इंजेक्शनांनंतर कधीकधी अंडाशय फार फुगतात, पोटात पाणी साठते, लघवी कमी होते, रक्त घट्ट होते आणि गाठी होण्याचा धोका वाढतो. अशी गाठ डोळ्याच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीतही अडकू शकते. पोट फुगलेले असताना नजरेत बदल झाला, तर त्या दोन गोष्टी एकत्रच सांगाव्यात.

लक्षणे पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवणे थांबवा. उजेड कमीजास्त होणाऱ्या जागी वाहन किंवा यंत्र चालवणे या औषधाच्या त्रासात धोक्याचे ठरू शकते, असा इशारा माहितीपत्रकातच आहे, आणि आपल्या भागात तर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतरचा प्रत्येक रस्ता तसाच असतो. दोन्ही बाजूंनी उसाचा अंधार, मधूनच अंगावर येणारे हेडलाइट आणि पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. समोरच्या दिव्याचा ठसा डोळ्यांत रेंगाळत असेल, तर ती ट्रॉली दिसणार नाही. यंत्रमाग, कडबा कुट्टी, पिठाची गिरणी यांपासूनही तोवर लांब राहा.

आता पुढच्या उपचारांविषयी. पीसीओडीत बीज तयार होण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला आहे. ती इस्ट्रोजेनची जागा अडवत नाही, तर इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रिया काही दिवसांपुरती कमी करते. शरीरातून ती काही दिवसांत निघून जाते, त्यामुळे क्लोमिफिनसारखा महिनोन्‌महिने साठा होत नाही. अमेरिकेत पीसीओडी असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफिन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना. थकवा आणि चक्कर हे त्रास लेट्रोझोलमध्ये थोडे जास्त होते. ‘त्या गोळीवर बंदी आहे’ असे तुम्हाला घरात किंवा मेडिकलमध्ये कोणी सांगेल, कारण ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर खरोखरच बंदी घातली होती. २०१७ साली ती उठवली गेली. बाळात दोष येतात या ज्या भीतीने बंदी आली, तिला पुढील मोठ्या अभ्यासांनी दुजोरा दिला नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलताना ‘मला क्लोमिफिनऐवजी लेट्रोझोल देता येईल का?’ असे सरळ विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मात्र डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय आणि लक्षणे ओसरल्याशिवाय कोणतीच नवी गोळी सुरू करू नका. एखादा महिना वाया गेला तरी २८ व्या वर्षी त्याने काही बिघडत नाही. वजन जास्त असेल तर त्या महिन्यात ते पाच टक्क्यांनी कमी करण्याच्या दिशेने सुरुवात करणे, हाही उपचारच आहे, कारण तेवढ्यानेही अनेकींची पाळी नियमित होऊ लागते.

या महिन्यात दिवस राहिले तर काय, ही भीती तुम्ही दबक्या शब्दांत व्यक्त केली आहे. गोळ्या तुम्ही गर्भ राहण्याआधी घेतल्या आहेत, आणि क्लोमिफिननंतर जन्मलेल्या बाळांमध्ये दोषांचे प्रमाण सर्वसाधारण बाळांपेक्षा जास्त असल्याचे आढळलेले नाही. तुमच्या डोळ्यांना त्रास झाला म्हणजे बाळाच्या डोळ्यांना होईल, असा संबंध नाही. जुळ्यांची शक्यता मात्र वाढते, ती सुमारे आठ टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे पाळी चुकली तर सोनोग्राफी लवकर करून घ्या. या महिन्याचा प्रयत्न सोडून देण्याचीही गरज नाही. गोळ्या घेऊन झालेल्या आहेत, संबंध ठेवण्याने डोळ्यांवर कोणताही परिणाम होत नाही.

एक विषय तुम्ही विचारलेला नाही, पण यजमानांनीही वाचावा म्हणून लिहिते. शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांना हीच क्लोमिफिनची गोळी २५ मिलिग्रॅमच्या मात्रेत रोज, आणि अनेक महिने दिली जाते. बायकांना पाचच दिवस मिळणारी गोळी पुरुष सलग घेतात, आणि त्यांतले कितीतरी जण रात्री ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर चालवतात. पुरुष डोळ्यांची तक्रार सहसा सांगतच नाहीत, आणि सांगितलीच तरी ती उन्हाच्या नाहीतर मोबाइलच्या नावावर खपते. तुमच्या घरात दोघांचेही उपचार चालू असतील, तर त्यांच्या गोळीचे नाव आजच पाहा. याशिवाय गर्भाशयाचे अस्तर जाड व्हावे म्हणून स्त्रियांना, आणि संबंधांसाठी ठरवून दिलेल्या दिवसाच्या ताणावर उपाय म्हणून पुरुषांना सिल्डेनाफिल (व्हायग्रा या नावाने ओळखले जाणारे औषध) दिले जाते. त्याने काही तास निळसर दिसू शकते किंवा उजेड बोचू शकतो. तो परिणाम औषध उतरले की जातो, पण दृष्टी अचानक गेली तर तिथेही थांबायचे नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी गुंगी आणि धूसरपणा येतो, म्हणून त्या रात्री झोपताना घ्याव्यात.

शेवटची विनंती गोळ्या विकत घेण्याबाबत आहे. आपल्याकडे जुनी चिठ्ठी किंवा रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून क्लोमिफिन पुन्हा पुन्हा घेतले जाते, जावेला गुण आला म्हणून नणंदेला दिले जाते, आणि ही गोळी साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये ही मर्यादा कोणी मोजत नाही. प्रत्येक महिन्याची सोनोग्राफी आणि प्रत्येक भेटीत डोळ्यांविषयी एक प्रश्न, एवढे झाल्याशिवाय ही गोळी कोणीही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. घडलेला त्रास औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी कळवला तर अधिक चांगले. आणि तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: ‘क्लोमिफिनमुळे दृष्टीचा त्रास झाला आहे, पुन्हा देऊ नये.’ उद्या डॉक्टर बदलले, गाव बदलले किंवा दुसऱ्या बाळासाठी काही वर्षांनी उपचार घ्यावे लागले, तरी ते पान बदलू देऊ नका.